‘तपासलं’च्या चौकोनातली सही

ऑफिसात तिला सगळे ‘गेट’ म्हणायचे. नव्याने लागलेल्या पदवीधर शिकाऊ इंजिनीअरच्या हुद्द्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडून वाचली की गेट होतं, एवढाच त्या नावाचा इतिहास. ‘गेट कुठे गेली?’, ‘हे गेटकडे टाक’, ‘गेटला विचार, तिला काम नाहीये’. पहिल्या आठवड्यात तिला वाईट वाटलं, दुसऱ्या आठवड्यात ती त्या हाकेला मान वर करायला लागली. घरी मात्र तिचा रुबाब वेगळा. शेजारपाजारचे तिला ‘इंजिनीअरबाई’ म्हणत आणि नळ गळायला लागला की बोलवायला येत. नळातलं आपल्याला काही कळत नाही, हे तिने दोनदा सांगून पाहिलं. लोकांना तो तिचा विनय वाटला.

ऑफिस म्हणजे इमारतींची सल्लागार कंपनी. सल्लागार म्हणजे नक्की काय, हे तिच्या वडिलांच्या पाच महिने डोक्यात शिरलं नाही. त्यांनी तीस वर्षं बस चालवली होती. काम म्हटलं की काहीतरी हललं पाहिजे, असा त्यांचा समज.

“म्हणजे तुम्ही बांधत नाही?”

“नाही बाबा. कसं बांधायचं ते कागदावर काढून देतो.”

“आणि बांधतो दुसराच.”

“हो.”

“बरंय,” वडील म्हणाले, आणि गल्लीत सांगून आले की पोरगी फार मोठ्या जागी लागली, तिला काहीच करावं लागत नाही.

खरं तर तिला पुष्कळ करावं लागे. चष्म्याच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर, अकरा माणसांच्या त्या ऑफिसात तिचं टेबल प्रिंटरला चिकटून होतं, त्यामुळे ज्याला कागद हवा तो तिच्या डोक्यावरून हात घालायचा. पहिले दोन महिने तिने एका हॉटेलच्या चारशे बारा दारांना नंबर दिले. मग मालकाने एक मजला कमी केला, तेव्हा तिने ते सगळे पुन्हा दिले. कॉलेजात चार वर्षं घोकलेलं सगळं शास्त्र एका डब्यात घालून, झाकण लावून ठेवल्यासारखं झालं होतं.

प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, तीन चौकोन असत: ‘आखलं’, ‘तपासलं’, ‘मंजूर’. आखणाऱ्याने स्वतःचंच तपासायचं नाही, हा कंपनीचा एकमेव कडक नियम. ‘मंजूर’मध्ये मोठे साहेब सही करत, कंपनी त्यांचीच. आणि आखायचं मुख्य काम ज्या सिनियरकडे होतं त्याला सगळे ‘खोडरबर’ म्हणत, कारण नवीन ड्रॉइंग काढण्यापेक्षा जुनं उघडून त्यातलं नको ते पुसण्यात त्याचा हातखंडा होता. माणूस वाईट नव्हता. घाईत असायचा, एवढंच.

आता एक गंमत बघा. कागदावर ‘तपासलं’ असं छापलेलं असलं तरी त्या ऑफिसात तपासणे हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. तोंडी शब्द एकच, बघणे. “जरा बघून घे.” “बघितलंस ना?” “बघितलं.” की झाली सही. पगारवाढीचं काय, विचारलं की साहेब म्हणत, “बघू.” सगळी कंपनी बघण्यावर चालली होती आणि गेली वीस वर्षं व्यवस्थित चालली होती.

तिचा सहा महिन्यांचा प्रोबेशनचा काळ एका सोमवारी संपत होता. त्या दिवशी साहेब केबिनमध्ये बोलावून सांगणार, कायम की घरी. तिच्या आधीचा शिकाऊ घरी गेला होता. त्याची पाण्याची बाटली अजून कपाटावर होती आणि ती कुणी हलवत नव्हतं. ती बाटली दिसली की ही पटकन दुसरीकडे बघायची. त्यात वडिलांनी ती कायम झाल्याचं गल्लीत आधीच जाहीर करून टाकलेलं. तिला ही नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. दारांना नंबर द्यायला लागले तरी चालतील, पण हवी होती.

त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी दुपारी खोडरबर तिच्या टेबलाशी आला. एका दवाखान्याच्या प्रवेशाचं ड्रॉइंग हातात. दारापुढे अडीच मीटर बाहेर आलेला पोर्च, म्हणजे पेशंट उतरवताना गाडीवर छप्पर. पोर्च आणि आतल्या दालनाचा स्लॅब रविवारी एकदमच ओतायचा होता.

“उद्यापासून मी सुट्टीवर. अर्ध्या तासात पाठवायचंय. बघून घे.”

“मी?” ती म्हणाली.

“मग काय प्रिंटरला सांगू?”

सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणी तिला दुसऱ्या चौकोनाजवळ फिरकू दिलं होतं. तिने खुर्ची पुढे ओढली आणि अर्धा तास डोळ्यांत तेल घालून बघितलं. ‘रुग्णवाहिका’ची वेलांटी चुकली होती, ती धरली. उत्तर दिशेचा बाण दक्षिणेला तोंड करून उभा होता, तो फिरवला. तारीख मागच्या वर्षीची होती, तीही. तीन चुका! सिनियरच्या ड्रॉइंगात! तिची छाती फुगून आली.

“बघितलंस ना?” खोडरबरने बॅग खांद्याला अडकवत विचारलं.

“बघितलं, सर.”

तिने ‘तपासलं’मध्ये सही केली, जरा मोठीच. संध्याकाळी साहेबांनी तिची सही बघितली आणि खाली आपली केली. कागद साइटवर गेला.

रविवारी सकाळी नऊ वाजता आई तिच्या नव्या शर्टाचं माप घेत होती. आई शिवणकाम करायची, आणि साहेबांसमोर सोमवारी मुलीने ढगळ कपड्यांत जाऊ नये, असं तिचं म्हणणं होतं.

“हात लांब कर. सरळ. वाकवू नकोस.”

हात लांब करून तिने आईला पोर्चचं सांगितलं, तीन चुकांसकट. आईने बाहीचं माप घेतलं, वहीत लिहिलं, विश्वास बसला नाही म्हणून परत घेतलं.

“आई, लवकर कर, हात भरून आला.”

“कुठे दुखतंय?”

“इथे, खांद्याच्या वरच्या अंगाला. तिथेच ताण येणार ना. पोर्चचंही असंच असतं बघ. दोन्हीकडे खांब असले की ताण मधे, खालच्या अंगाला येतो, म्हणून सळई खाली घालायची. पण खांब नसले, नुसता भिंतीतून हात बाहेर काढल्यासारखा असला, की ताण वर. मग सळई वर घाला...”

ती बोलायची थांबली. हात तसाच लांब.

“काय झालं?” आई म्हणाली. “आता खाली घेतलास तरी चालेल.”

दवाखान्याच्या पोर्चला खांब नव्हते. आधी होते. गाडी वळायला अडचण होते म्हणून दवाखान्याने ते नको म्हटलं आणि खोडरबरने ते पुसले. अतिशय स्वच्छ पुसले. सळया मात्र होत्या तिथेच ठेवल्या, खाली. दुसऱ्या वर्षाचं पोरही जी चूक करणार नाही, ती तिच्या डोळ्यांसमोर अर्धा तास होती. आणि ती वेलांटी धरत बसली.

स्लॅब अकरा वाजता सुरू होणार होता.

खोडरबरचा फोन बंद. तो सुट्टीत फोन बंद ठेवायचा, हा त्याचा गुण आजवर ऑफिसात वाखाणला गेला होता. तिने साइटच्या सुपरवायझरला फोन लावला. साहेबांना कळायच्या आत गुपचूप निस्तरलं तर बरं, हा विचार तिच्या मनात आला, आला म्हणजे चांगला ठाण मांडून बसला.

“पोर्चच्या सळया जरा वर घ्यायच्या आहेत,” ती शक्य तितक्या सहज म्हणाली.

“जरा म्हणजे?”

“म्हणजे... सगळ्या.”

“मॅडम, माझ्याकडे तीन सह्यांचा कागद आहे. तोंडी बदल मी करत नाही. तुमच्या साहेबांचा फोन येऊ दे. मिक्सर दारात उभा आहे,” असं म्हणून त्याने फोन ठेवला. त्याचं काही चुकत नव्हतं, हेच वाईट होतं.

साहेबांचा नंबर काढून ती पाच मिनिटं पलंगावर बसून राहिली. लावला नाही तर उद्या ती कायम. छप्पर आज पडणार नव्हतं, उद्याही नाही. टेकू काढतील तेव्हा, तीन आठवड्यांनी. असा विचार केल्याची तिला स्वतःचीच किळस आली आणि तिने फोन लावला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

“तपासलं कोणी होतं?”

“मी.”

“काय तपासलंस?”

“शुद्धलेखन, सर.”

पलीकडे गाडीच्या किल्ल्या वाजल्या.

“साइटवर ये,” साहेब म्हणाले.

ती पोचली तेव्हा साहेब घरच्या चपलांवर सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट धरून ठेवणाऱ्या, फळ्यांवर वाकून उभे होते. अडीच मीटरभर सळया, एकसारख्या अंतरावर, तारेने घट्ट बांधलेल्या, बघत राहावं इतकं सुंदर काम. आणि सगळं तळाला. साहेबांनी मिक्सर परत पाठवला. सुपरवायझरने जे तोंडाला येईल ते बोलून घेतलं, साहेबांना थोडं आणि तिला बाकीचं. मग साहेबांनी विटांवर बसून, ड्रॉइंगच्या मागच्या कोऱ्या बाजूला नवीन आखणी केली. सळया वर, जाड, आत दालनाच्या स्लॅबमध्ये लांबवर नेलेल्या. कोपऱ्यात हाताने तीन चौकोन काढले, पहिल्यात सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

“बघ.”

“दीड तास लागेल,” ती म्हणाली.

“एवढ्याशाला?”

“मला लागेल, सर.”

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि दुसरी वीट ओढून पाय पसरले. तिने सिमेंटच्या पोत्यावर कागद ठेवून पहिल्यापासून हिशेब मांडला: छपराचं वजन, वर चढणाऱ्या माणसांचं, साचणाऱ्या पाण्याचं. सळई किती जाड, किती अंतरावर, किती आत. ऊन डोक्यावर आलं. सुपरवायझर दर दहा मिनिटांनी येऊन घसा खाकरून जायचा.

“काय चूक निघाली?” शेवटी साहेबांनी विचारलं.

“काही नाही, सर. बरोबर आहे.”

“म्हणजे दीड तास फुकट.”

“हो, सर.”

तिने सही केली. साहेबांनी ‘मंजूर’च्या चौकोनावर पेन टेकवलं, आणि न लिहिता तिचे आकडे एकेक करून वाचायला घेतले. त्यांना वीस मिनिटं लागली.

“गुरुवारी मी हे केलं नाही,” ते म्हणाले. “तुझी सही होती म्हणून केली. वीस वर्षं असंच करतोय.” मग चष्मा पुसत, दुसरीकडे बघत: “तुझं प्रोबेशन तीन महिने वाढवतो. सही केलीस, ती तुझी. रडू नकोस.”

“रडत नाहीये.”

“त्यालाही सोडणार नाही. येऊ दे सुट्टीवरून.”

“बरं, सर,” ती म्हणाली. घरी नाही, कायमही नाही. गल्लीत बाबांना काय सांगायचं, हा प्रश्न होताच. पण सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटत होती.

साहेब गेले. सळई बांधणारे एक म्हातारे काका फळ्यांवर उकिडवे बसून आपणच बांधलेल्या तारा पकडीने तोडत होते. दोन दिवसांचं काम. ती जवळ जाऊन उभी राहिली.

“काका, माझ्यामुळे सगळं परत करावं लागतंय तुम्हाला.”

“चालायचंच,” काका म्हणाले. “बांधतानाच वाटलं होतं म्हणा, की हे उलटं आहे. चाळीस वर्षं सळयाच बांधतोय.”

“मग बोलला का नाहीत?”

“कुणाला बोलणार? तीन सह्या होत्या. म्हटलं, तीन शिकलेल्या माणसांनी बघितलंय, नवीन काही पद्धत निघाली असेल.” त्यांनी एक तार तोडून बाजूला टाकली. “बरं झालं तुम्ही आलात. टेकू काढायला खाली मीच असतो.”

ते हे इतक्या साधेपणाने म्हणाले की तिला तिथे उभं राहवेना. ती फळीवर बसली. काका काम करत राहिले. चार वाजेपर्यंत जुन्या सळया निघाल्या, मदतीला आणखी चौघे आले आणि दिवेलागणीला नव्या वर चढल्या. काकांनी शेवटची गाठ पिळली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तिच्याकडे वळले.

“आता बरोबर आहे ना, बाई?”

हो म्हणणं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“थांबा, काका,” ती म्हणाली, कागद उलगडला आणि भिंतीकडच्या पहिल्या सळईपासून मोजायला लागली.