करपलेली साखर

लुसियाने वडीचा पहिला तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. लुसिया माझी सून, ब्राझीलची. तिची आई गेल्या वर्षी तिकडे वारली आणि हिला वेळेवर पोचता आलं नाही. त्यानंतर काल पहिल्यांदाच तिने आमच्या रत्नागिरीच्या स्वयंपाकघरात कोकाडा केला. कोकाडा म्हणजे त्यांच्या नारळाच्या वड्याच, फक्त साखर आधी तांबूस वितळवून घ्यायची.

"तशी नाही झाली, आई," ती हळूच म्हणाली.

"काय कमी पडलं गं? लवंग?"

"नाही. माझी आई साखर गॅसवर ठेवून शेजारणीशी बोलायला दारात जायची. नेहमी थोडी करपायची." ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले.

चव चुकली तर पुन्हा जमवता येते. पण गेलेल्या माणसाचा विसरभोळेपणा कुठून आणायचा? माझ्या आईच्या आमटीत कधीमधी मीठच नसायचं. तशी अळणी आमटी आता मला कुणी वाढत नाही, आणि मला तीच हवी असते.

मी दुसरा नारळ खवला. लुसियाने साखर गॅसवर ठेवली, तशी मी तिला हाताला धरून दारात नेलं.

"सांग, काय बोलायची तुझी आई?"

ती सांगू लागली, आधी मराठीत, मग तिच्या भाषेत. मला एक शब्द कळत नव्हता, तरी मी हं हं करत होते. आतून करपल्याचा वास आला. आम्ही दोघीही जागच्या हललो नाही.