सरांची नववी गल

जळालेल्या मोटारी आणि किस्से, दोन्हींचं एकच. माणूस दुकानात आणून टाकतो, "आलोच" म्हणतो आणि निघून जातो. मग साठत राहतात!

सिरसाळ्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार भरून होईस्तोवर लोक बाकावर बसतात, आणि बसलेला माणूस बोलतोच. पण गेल्या वर्षभरात साठलेले बहुतेक किस्से एकाच गोष्टीचे आहेत. सांगितलं तर हसाल. गोल्फचे! खरं गोल्फ आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी बघितलेलं नाही.

सुरुवात कदम सरांपासून झाली. त्यांनी मला गणित शिकवलं. रिटायर झाले आणि दोन वर्षांत लकवा मारला, उजवी बाजू गेली. पाय हळूहळू सुधारला, हात काही सुधरेना. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. सरांनी तो फेकून दिला. "लहान लेकरासारखा चेंडू दाबत बसू का मी?"

त्यांची लेक पुण्याला असते. सुट्टीला आली तेव्हा तिनं बापाच्या मोबाईलवर गोल्फचा गेम टाकून दिला. बोट खाली ओढायचं, काटा मधोमध आला की सोडायचं. चेंडू उडतो. समोर कुठल्याशा देशातला माणूस त्याच्या मोबाईलवर खेळत असतो. एक फटका त्याचा, एक आपला. सर चिडले, पण खेळले. उजव्या हातानं!

रोज दुपारी ते माझ्या दुकानात येऊन खेळायला लागले. आमचे माजी सरपंच रावसाहेबकाका पहिल्यांदा त्यांच्या खांद्यावरून डोकावले. बराच वेळ ते हिरवंगार मैदान बघत राहिले आणि म्हणाले, "एवढं गवत हाय, अन् एकबी जनावर न्हाई? कावून?"

मग चेंडू होलमध्ये गेला. काका ओरडले, "आरं, ही तर गोट्यांची गल!"

त्या दिवसापासून आमच्यात होलला कुणी होल म्हणत नाही.

•

आठ गली सरांना जमल्या. नवव्या गलीनं मात्र जीव खाल्ला. चारी बाजूंनी तळं, मधे ताटाएवढं बेट, बेटावर झेंडा. त्यात आडवा वारा. चेंडू पाण्यात पडला की ढुप्प असा आवाज यायचा. तो आवाज दुकानात इतक्यांदा झाला, की गिऱ्हाईकं वळून बघेनाशी झाली.

सरांनी गणित मांडलं. माझ्या दुकानाच्या भिंतीवर, डाव्या हातानं, खडूनं. वारा इतका तर नेम तितकी घरं उजवीकडं. चार दिवस भिंत भरत होती. पाचव्या दिवशी नेम धरला, बोट ओढलं... ढुप्प!

"सूत्र चुकलं का सर?" मी विचारलं.

सरांनी भिंतीवरची शेवटची ओळ परत तपासली. मग म्हणाले, "सूत्र बरोबर आहे बालाजी. सोडताना बोट थरथरतं. ते कुठं लिहू?"

भिंत मी अजून पुसलेली नाही.

•

रावसाहेबकाकांना ही हळूहळूची कामं पटत नाहीत. "आणा इकडं! काय त्या वाऱ्याला भ्यायचं? ताकद लावायची अन् सरळ हाणायचं!"

पहिला चेंडू पाण्यात. दुसरा पाण्यात. तिसरा तळं ओलांडून मैदानाच्या बाहेर!

"मागच्या इलेक्शनलाबी मी असंच सरळ हाणलतं," काका अभिमानानं म्हणाले.

सरांनी मोबाईल परत घेतला. "म्हणूनच पडलात."

काका दोन दिवस दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते भजी घेऊन. म्हणाले, "लोक मला काहीबाही सांगत व्हते. पण असं सरळ तुमीच सांगितलं."

•

लक्ष्मणआबा मेंढरं राखतात. पंप दुरुस्तीला दिला होता म्हणून थांबले होते. त्यांनी गेम समजून घेतला, वाऱ्याचा बाण बघितला, तळं बघितलं, आणि विचारलं, "थेट बेटावरच कावून जायचं?"

"मग कुठं जाणार आबा?"

आबांनी काठीचं टोक स्क्रीनजवळ नेलं. तळ्याच्या उजव्या कडेला वाळूची बारीक पट्टी होती. आमचं कुणाचंच तिकडं लक्ष गेलं नव्हतं. "नवी मेंढरं पाण्यात एकदम घालायची न्हाईत. आदी काठाला उभी करायची. थोडा दम खाल्ला, वारा पाठीशी आला, की मंग पुढं."

सरांच्या डोळ्यांत चमक आली. तिथून वारा खरंच पाठीमागून येत होता! पण मास्तर तो मास्तर. "त्यात एक फटका जास्त जातो आबा."

"जाऊ द्या की," आबा म्हणाले. "मेंढरू तर जात न्हाई!"

•

तरीही दुसरा फटका चुकायचाच. माझी बायको सुनंदा मोटारीच्या कॉईल भरते. मान खाली, हातात तांब्याची तार, तोंडानं वेढे मोजणं चालू. तिनं कधी त्या मोबाईलकडं बघितलं नव्हतं असं मी समजत होतो. एक दिवस तार न सोडता म्हणाली, "सर, तुमी बोट सोडायच्या आदी श्वास धरता."

"मी?"

"हं. श्वास धरला की हात ताठ होतो. माझी तार तशीच तुटायची. आदी श्वास सोडा, मग बोट."

सरांनी मोबाईल खाली ठेवला. "सुनंदा, जन्मभर पोरांना सांगितलं, लक्ष द्या, लक्ष द्या. श्वास सोडा असं एकालाही नाही सांगितलं गं."

त्याच दुपारी सरांनी वाळूवरून दुसरा फटका मारला. चेंडू सुरेख उडाला. बेटाच्या दिशेनं! आम्ही सगळे उठून उभे. आणि नेट गेलं. चेंडू आकाशात, वर गोल चकरी फिरतेय.

पाऊण तास वाट बघितली. शेवटी काकाच म्हणाले, "चला सर. पाण्यात पडला असं तर कुणी म्हणू शकत न्हाई!"

•

आता हा शेवटचा. फार जणांना मी हा सांगत नाही.

त्या दिवशी समोर एक म्हातारा होता. नाव परक्या लिपीत, फोटोत डोक्यावर लोकरी टोपी. आठ गलींपर्यंत दोघं बरोबरीत. नवव्या गलीला सरांचा पहिला चेंडू पाण्यात. त्याचा पहिलाच बेटावर, झेंड्यापासून वीतभर. पुढच्या वेळी सरांचं बोटच हलेना. फटक्याला ठरावीक वेळ असतो. तो संपला, फटका वाया गेला. अशा वेळी समोरचे लोक "लवकर करा" असा गेममधला तयार शब्द पाठवतात, आपल्याला तो मराठीत दिसतो. यानं काहीच पाठवलं नाही.

त्याची पाळी आली. नुसता हात लावला असता तरी जिंकला असता. त्यानं नेमाचा बाण हळूहळू फिरवला, झेंड्याकडं पाठ केली, आणि चेंडू पाण्यात घातला.

"चुकला का बे हा?" काका म्हणाले.

"चुकला नाही." सरांचा चेहरा लाल झाला होता. "दया करतोय माझ्यावर."

मला वाटलं, आता मोबाईल भिंतीवर जाणार. सरांनी नेम धरला. बेटावर नाही, तळ्याच्या मधोमध. बोट ओढलं, सोडलं. जराही थरथरलं नाही.

ढुप्प!

समोरचा थोडा थांबला. मग त्यानंही परत पाण्यात मारला. पुन्हा सर. पुन्हा तो. दहा फटक्यांत चेंडू गेला नाही की गल संपते, असा नियम आहे. दोघं इमानदारीनं दहाकडं निघाले.

"आरं, मिळून तळं बुजवता का बे!" काका ओरडले.

सर हसायला लागले. लकव्यानं तोंड वाकडं झालंय, म्हणून हसताना ते तोंडावर हात धरतात. त्या दिवशी हात मोकळा नव्हता. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

दोघांचा दहावा फटकाही पाण्यात गेला. स्क्रीनवर आलं, सामना बरोबरीत.

त्याखाली त्या म्हाताऱ्याचा शब्द आला.

"छान फटका!"