एकेचाळीस दिवस कुठे होतात?

फॉर्मवाल्या बाईंच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. जिन्याखालची एक खोली, दोन टेबलं आणि कुरकुरणारा प्रिंटर, एवढ्यावर त्यांनी बावीस वर्षांत शेकडो कुटुंबं परदेशी धाडली होती. कुणी तारीख चुकला की शाळकरी पोरासारखं झापायच्या. "स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोला फोन करून विचारताय? धन्य आहे तुमची!" तरी लोक झापून घ्यायला त्यांच्याकडेच यायचे, कारण बाईंच्या हातून गेलेली फाइल सहसा परत येत नसे.

आज समोर बसलेल्या वेल्डरची फाइल मात्र दुसऱ्याच कुणीतरी भरलेली, आणि ती परत आली होती. परदेशात जहाजं बांधायच्या कारखान्यात नोकरी ठरलेली, बायको-मुलांसकट कायमचं जायचं, आणि व्हिसा नाकारला तो एकेचाळीस दिवसांपायी. दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात ते एकही दिवस रिकामा न सोडता लिहायचं असतं. याने लिहिलं होतं, तिसऱ्या खोलीतून थेट चौथीत गेलो. तिसरीच्या घरमालकाचं पत्र म्हणत होतं, खोली एकेचाळीस दिवस आधीच रिकामी झाली. कंपनी आता महिनाअखेरपर्यंतच थांबणार होती.

"घरमालकच चुकला असेल," वेल्डर म्हणाला. "मी लांबच्या कामावर होतो. बायको दवाखान्यात, धाकटी सातव्या महिन्यात झाली म्हणून."

"मग घरी कोण होतं? भुतं?"

"आई. थोरल्याला घेऊन."

"अहो, मग आईला आणा की! माझं डोकं काय खाताय?"

दुसऱ्या दिवशी आई आली आणि खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसली. बाईंनी पहिल्या खोलीपासून विचारायला घेतलं. सात खोल्या, आत शिरल्याची तारीख, सोडल्याची तारीख, म्हातारी घडाघडा सांगत सुटली. बाई थोरल्याच्या शाळेच्या दाखल्याशी, धाकटीच्या लसीच्या कार्डाशी ताडून बघत होत्या. एक दिवस इकडचा तिकडे होईना!

"कुठे लिहून ठेवलंय का तुम्ही हे?"

"लिहायचं कशाला? नव्या खोलीत पहिलं पाणी भरलं तो दिवस विसरतो होय कुणी?"

"आणि तिसरी-चौथीच्या मधे?"

"थोरल्याच्या शाळेच्या शिपाईणबाईंकडे. मालकाने बाहेर काढलं. थोरल्याला सोबत घेऊन चार खेपांत सामान नेलं. त्या आहेत अजून, लिहून देतील."

वेल्डर आ वासून बघत राहिला. "आई, मला बोलली नाहीस कधी!"

"तू तिकडे उंचावर चढून काम करायचास. लक्ष उडालं असतं, पाय घसरला असता. सूनबाई दवाखान्यात, काचेच्या पेटीतल्या पोरीपाशी. कुणाला सांगायचं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. काय हे माणूस! एवढं सगळं पोटात ठेवून इतकी वर्षं घरात वावरलं, आणि घराला पत्ता नाही. बाईंना तिच्यासमोर बसून राहायचीच लाज वाटायला लागली.

वेल्डर झेरॉक्स काढायला गेला. बाईंनी हळूच विचारलं, "तुमचं नाव कुठल्याच फॉर्मवर नाही, आजी."

"म्हातारं माणूस नेता येत नाही म्हणे. मी भाचीकडे राहीन." मग ती जरा पुढे सरकली. "एक सांगू? नकाराचा कागद घरी वाचला ना, तेव्हाच मला कळलं होतं ते दिवस कुठले. मी गप्प बसले."

बाईंनी विचारलं, "मग आज?"

"तेव्हापासून पोरगा घरात हसला नाही हो. असा जवळ ठेवून काय करू त्याला?"

बाईंनी तिचं म्हणणं टाइप करून कागद पुढ्यात ठेवला. तेवढ्यात वेल्डर परतला. "आई, नीट कर हं सही. नाहीतर परत पाठवतील."

म्हातारीने चष्मा पुसला, तळहाताने कागद सरळ केला आणि एकेक अक्षर जोडत सही केली. कुठे खाडाखोड नाही, कुठे हात हलला नाही.

"बघा हो, झाली नीट? आता जाईल ना तो?"

"जाईल," बाई म्हणाल्या.