अळूच्या टबातली लाल वाळू

फरीदाबादला आमच्याकडे बोअरचं पाणी येतं. त्यात आर्सेनिक निघालं, तेव्हा मी पाणी तपासणाऱ्या ओळखीच्या केमिस्टकडून गाळणी बसवून घेतली. उभा ड्रम, आत गंज चढवलेली वाळू. आर्सेनिक त्या गंजाला चिकटतं, पाणी खाली उतरतं. दर तीन महिन्यांनी वाळू बदलायची, जुनी पिशवीत बंद करायची, मग केमिस्ट ती घेऊन जातो. फ्रिजवरच्या यादीत मी एवढंच लिहिलं होतं: ‘जुनी वाळू – बाल्कनी.’ का, ते लिहिलं नव्हतं.

मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली आणि तिला अळूवड्यांचे डोहाळे लागले. इथे बाजारात मनासारखी पानं मिळत नाहीत, म्हणून सासूबाई बाल्कनीतल्या टबात अळू लावतात आणि भाज्या धुतलेलं पाणी त्यात ओततात.

“आजी, केवढी पानं ही! हत्तीचे कान!”

“तुझ्या आईची लाल माती घातलीय. गेरूच जणू. टाकायची कशाला?”

वड्या तळता तळता माझा हात थांबला. मी बाल्कनीत गेले. टबात नारिंगी पाणी साचलं होतं, वर तेलासारखा तवंग. बोट लावलं तर तो पसरला नाही, काचेसारखा तडकला. खालच्या चिखलातून एक बुडबुडा सावकाश वर आला.

केमिस्टला फोन केला. तो म्हणाला, “सूखी रहती तो पकड़े रहती, मैडम. कीचड़ में हवा नहीं जाती, जंग घुल जाता है. जो पकड़ा था, सब छोड़ देता है.”

धावत आत आले. मुलीच्या हातात वडी होती.

“किती खाल्ल्यास?”

“दोनच. का गं? परवा आजीनं फदफदं केलं होतं, ते पण याचंच ना?”

सासूबाईंनी तिच्या हातातली वडी काढून घेतली.

डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली. रिपोर्टला चार दिवस लागणार होते. त्या दिवसांत मी हातमोजे घालून टब उपसला, सगळा चिखल अळूच्या कंदांसकट पिशवीत भरला, तोंड घट्ट बांधलं. मुलगी पोटावर हात ठेवून बसायची. बाळ हललं की सांगायची. नाही हललं की सासूबाई घड्याळ बघायच्या.

रिपोर्ट ठीक आला. डॉक्टर म्हणाले, काळजी नको.

दुसऱ्या सकाळी मुलीनं बाल्कनीतून हाक मारली. पिशवीची गाठ तशीच होती. तिच्या कडेतून एक कोवळं, गुंडाळलेलं पान बाहेर आलं होतं.

“आई, खुडून टाकू?”

“हात लावू नकोस,” मी म्हणाले, आणि तिला आत ओढलं.