मटकीचे मोड

शुक्रवारी शाळेत न्यायची मटकी मी गुरुवारी लिंबू पिळून खाल्ली.

पहिलीतल्या ओवीच्या डायरीत बाईंनी आठवडाभराच्या सूचना लिहिल्या होत्या आणि खाली सही माझीच होती. वीसपर्यंत अंक, नखं कापणे, शुक्रवारी मोड आलेली मटकी. मी सूचना न वाचताच सही करतो. लेक मात्र रोज सकाळी ओला कापूस हळूच उचलून मटकीची विचारपूस करायची. ती रडली नाही. रिकामी वाटी घेऊन नुसती बसली, तेच जास्त लागलं.

मग आम्ही दोघांनी नवे दाणे भिजवले. सकाळपर्यंत ते जेमतेम फुगले. वर्गात जाऊन मी गुन्हा कबूल केला. खिडकीत वाट्यांची रांग होती. कुणाचे मोड बोटभर, कुणाचं नुसतं टोक. मोठ्यांच्या जगात उशिराला दंड असतो, इथे खिडकीत जागा होती. बाईंनी ओवीची वाटी शेजारी सरकवली.

"येतील हिलाही मोड. सुट्टीत घरी नेतेस का, पाणी शिंपडायला?"

ओवीनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नको बाई, इथेच राहू दे. घरी बाबा असतात."