शेफालीची वेणी

शेजारच्या बंगाली बिऱ्हाडात मोहरीचं तेल तापलं, की मला शेफाली आठवते. सीमा ओलांडून आलेली ही नऊ वर्षांची मुलगी पुणे स्टेशनवर एकटीच सापडली होती. मी तेव्हा सदाशिव पेठेतल्या बालगृहाची अधीक्षक होते. तिला परत पाठवावं का, यावर बैठकीत बराच वाद झाला.

"तिकडे तिचं कोण आहे, ते तरी कळू द्या," मी म्हणाले.

"बाई, ते तिकडचं सरकार बघेल," साहेब म्हणाले. शेवटी मीही सही केली.

निघायच्या सकाळी मी तिच्या केसांना तेच तेल लावून वेणी घातली.

"मला घ्यायला कोण येणार?" तिनं विचारलं.

"आई येईल," मी म्हणाले. खरं तर आईचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता.

तेव्हा वाटलं, पोरीला धीर दिला. ती हसत गाडीत चढली. रडत गेली असती, तर आज इतकं टोचलं नसतं.