पाण्यापलीकडं गेलेली हाळी

या गं पोरींनो, जरा जवळ सरका. मरणाचं नाव काढलं की लगेच "आजी, दुसरं काहीतरी सांगा" म्हणता... का बरं? चावतं का ते? गप बसा नि ऐका. आणि आधीच सांगते — भूत, भानामती, अंगात येणं, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. तरी हे घडलं.

पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या आदल्या वर्षीचा आषाढ. माझं सासर मुळशी धरणाच्या पाण्याच्या अलीकडं, माहेर पलीकडं, डोंगराच्या आड. आई अंथरुणाला खिळलेली. माहेरगावचा माणूस सकाळच्या नावेनं निरोप घेऊन आला, म्हणाला, "म्हातारीला घरघर लागलीया, पर जीव जाईना. गंगाजळ घातलं, गाईचं शेपूट हातात दिलं... कशात अडकलाय कुनाला कळंना."

मला कळलं होतं. धाकटी बहीण शेवंता लग्नाची राहिली होती. पण आईला "आता जा" कोण म्हणणार? आमच्यात तसं बोलणं म्हणजे आपणच ढकलून दिल्यासारखं.

धावत काठावर आले, तर वारं असं पिसाळलेलं की नाव दोराला हिसके देत होती. वळसा घालून जावं, तर ओढे तुंबलेले. नावाडी धोंडूमामाच्या मी पायावर डोकं ठेवलं.

"मामा, सोडा की नाव. आयेचं तोंड तरी बघू द्या."

"बये, तुज्या आयेकडं न्यायच्या आदी तू मला माज्या आयेकडं पोचवशील. ती कवाच वर जाऊन बसलीया!"

म्हणाला, आणि स्वतःच डोळे पुसायला लागला.

पलीकडची नाव बोलवायची तर आम्ही काठावरून हाळी द्यायचो. माझं मलाच कळलं नाही... दोन्ही हात तोंडाशी धरले नि तशीच हाळी दिली — "आयेऽऽ! मला यायला जमंना गं! थांबू नगंस आता! शेवंतीचं लगीन मी करती! तू जा... आये, जा तू!"

वारं माझ्याच तोंडावर येत होतं. शेजारच्या मामालाही धड ऐकू गेलं नसंल. घसा फाटेस्तोवर ओरडले, मग तिथंच चिखलात बसले.

दुसऱ्या दिवशी पोचले. आईला नेऊनही झालं होतं. वहिनी मला बघून चिडलीच — "काल दारापातुर आलीस, मग आत का न्हाई आलीस?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"आये बोलली की तुज्यासंगं! चार दिस डोळं मिटल्याली बाई, दाराकडं बघून म्हनली, 'शेवंतीचं तू करतीस नव्हं? मग झालं. आन् वरडू नगंस येवढी, घसा बसंल तुजा.' मी तुला बघाया भाईर आले, तवर हितं समदं आटपलं."

मी काही बोलायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना.

लोक म्हणतात, मरताना भ्रम होतो. होत असंल. मग माझे शब्द तिच्यापर्यंत कुणी नेले? तिचा हात हातात घ्यायचा राहिला, हो... ते काही भरून येत नाही. शेवंताचं लग्न मात्र मी लावून दिलं, शब्द दिला होता तसं.

आता माझेही दिवस भरत आलेत. असं तोंड वाकडं करू नका, खरं तेच सांगते. काय विचारायचं, काय सांगायचं ते समोर बसून उरकू, मी रागावणार नाही. पण आता पुन्हा लवकर या गं पोरींनो. येत्या रविवारीच या.